तोलामोलाचा शेजारी

इंटरनेट हा शब्द आपण नेहमीं एकवचनीं वापरतों, आणि त्यामुळें ती एकच एक वस्तु आहे असा आपला समज होतो. आकाश एक, समुद्र एक, तसें इंटरनेटहि एक. कोणीं तरी तें एकदां उभारलें आणि आतां तें सर्वांकरितां चालूं आहे, अशी कांहीं तरी कल्पना सुशिक्षित माणसाच्या मनांतहि असते. वस्तुस्थिति निराळी आहे. इंटरनेट हा सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळ्यांचा संघ आहे. यांतील कांहीं जाळीं विद्यापीठांचीं, कांहीं सरकारांचीं आणि बरींचशीं खाजगी कंपन्यांचीं आहेत. प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो, प्रत्येकाचा धनी निराळा असतो, आणि या संघाला राजा नाहीं, विधिमंडळ नाहीं, न्यायाधीशहि नाहीं. पुण्याहून निघालेला संदेश पॅरिसला पोंचतो तो वाटेंतील तीन-चार धन्यांनीं आपसांत केलेल्या समझोत्याच्या बळावर. तो समझोता मोडला तर काय होतें, हें दाखविणारी एका कंपनीची हकीकत आज मला आपल्यापुढें ठेवावयाची आहे. कंपनीचें नांव कोजंट कम्युनिकेशन्स. तिचें मुख्य ठाणें अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें आहे. या व्यवसायांत इतकीं भांडणें दुसऱ्या क्वचितच एखाद्या कंपनीच्या नांवावर असतील. आणि म्हणूनच, एरवीं जें पडद्याआड राहतें तें तिच्या इतिहासांत उघडपणें पाहावयास मिळतें.

प्रथम या धंद्यांतील व्यवहार समजून घेतला पाहिजे. दोन जाळ्यांनीं एकमेकांशीं संबंध जोडण्याचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिला गिऱ्हाइकीचा : लहान जाळें मोठ्याला पैसे देतें, आणि मोठें त्याची डाक साऱ्या जगांत पोंचवून देतें. दुसरा बरोबरीचा : दोन जाळीं एकमेकांच्या गिऱ्हाइकांची डाक फुकट स्वीकारतात, कोणी कोणाला कांहीं देत नाहीं. या दुसऱ्या प्रकाराला पीअरिंग म्हणतात. पीअर म्हणजे तोलामोलाचा. आपल्याकडील भाषेंत सांगावयाचें तर हा पंक्तिव्यवहार आहे. एका पंक्तीला बसणाऱ्यांत हिशेब होत नाहीं. पण पंक्तीला कोणाला घ्यावयाचें यावर मात्र वाद होतात. जीं थोडीं फार मोठीं जाळीं कोणालाच पैसे देत नाहींत आणि केवळ अशा बरोबरीच्या जोडण्यांवर साऱ्या जगापर्यंत पोंचतात, त्यांना पहिल्या श्रेणीचीं समजतात. या श्रेणींत बसण्याचा मान पैशाच्या दृष्टीनेंहि मोठा आहे, हें सांगावयास नकोच.

फुकट देवघेवीची ही कल्पना इंटरनेटवाल्यांनीं शोधून काढली असें नाहीं. १८७४ सालीं बर्न येथें जागतिक टपाल संघ स्थापन झाला, तेव्हां असें ठरलें कीं, ज्या देशांत पत्र टाकलें जाईल त्यानेंच टिकिटाचे पैसे ठेवावे, आणि ज्या देशांत तें पोंचवावयाचें त्यानें त्यांतील वाटा मागूं नये. कारण उघड होतें. पत्राला उत्तर येतेंच. आज आमचा शिपाई तुमचें पत्र घरीं नेऊन देईल, उद्यां तुमचा शिपाई आमचें देईल. हिंदुस्थान १८७६ सालीं या संघांत सामील झाला. ही समजूत जवळ जवळ शंभर वर्षें टिकली. पण हळूहळू असें दिसून आलें कीं, कांहीं देश पाठवितात पुष्कळ आणि घेतात थोडें. छापील मजकुराच्या गठ्ठ्यांना उत्तरें येत नाहींत. अखेर १९६९ सालच्या टोकिओ येथील अधिवेशनांत, जो अधिक पाठवील त्यानें त्या अधिकाबद्दल कांहीं भरावें, असें ठरलें. श्रोत्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें जीं भांडणें यावयाचीं आहेत त्यांचें मूळ याच एका प्रश्नांत आहे : जाणें-येणें सारखें नसेल, तर पोंचविण्याचा खर्च कोणाचा?

अमेरिकेंत इंटरनेटचा कणा १९८० नंतरच्या दशकांत नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या पैशानें उभा राहिला. तो संशोधनासाठीं होता. निव्वळ व्यापारी वाहतुकीला तेथें मज्जाव होता. तेव्हां १९९१ सालीं पीएसआयनेट, यूयूनेट आणि सर्फनेट या तीन जाळ्यांनीं आपसांत डाक बदलून घेण्याचें एक व्यापारी केंद्र काढलें. नियम असा कीं, येथें कोणीं कोणाचा हिशेब ठेवावयाचा नाहीं. ३० एप्रिल १९९५ रोजीं सरकारी कणा बंद झाला आणि सारें रान खाजगी कंपन्यांच्या हातीं आलें. टेलिफोन कंपन्यांनीं एकमेकींचे संदेश कोणत्या दरानें स्वीकारावे हें कायद्यानें बांधलेलें होतें. इंटरनेटच्या जोडण्या मात्र परस्परांच्या मर्जीवर राहिल्या. ही मर्जी किती तोंडी होती, हें पुढें २०११ सालीं पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेनें मोजून पाहिलें. तिनें पाहणी केलेल्या १,४२,२१० जोडण्यांपैकीं लेखी करार होते अवघे ६९८. बाकीच्या साऱ्या नुसत्या शब्दावर चालत होत्या. व्यापाराच्या जगांत इतका विश्वास क्वचित् आढळतो, हें त्या व्यवसायाला भूषणावहच आहे. पण ज्या व्यवहाराला नियम नाहीं आणि कागदहि नाहीं, तो बिघडला म्हणजे दाद कोठें मागावी हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

अशा या रानांत १९९९ सालीं डेव्ह शेफर या उद्योजकानें कोजंटची स्थापना केली. त्याची युक्ति साधी होती. त्यानें मोठ्या शहरांतील कचेऱ्यांच्या उंच इमारती निवडल्या, तेथपर्यंत फायबरच्या तारा नेल्या, आणि भाडेकरूंना एकच माल देऊं केला : वेग सेकंदाला शंभर मेगाबिट, भाडें महिन्याला एक हजार डॉलर. म्हणजे मेगाबिटाला दहा डॉलर पडले. त्या वेळीं घाऊक बाजारांतहि मेगाबिटाचा भाव शेंकडों डॉलर होता. टेलिफोन नाहीं, दूरचित्रवाणी नाहीं, दुसरें कसलेंहि दुकान नाहीं. एकच वस्तु स्वस्त विकावयाची आणि पुष्कळ विकावयाची, असा हा बेत होता.

काळहि त्याला अनुकूल ठरला, आणि तो इतरांच्या दुर्दैवानें. १९९६ नंतरच्या भरभराटींत अमेरिकेंतील कंपन्यांनीं कर्जें काढून इतकें फायबर जमिनींत पुरलें होतें कीं, त्याचा मोठा भाग वापराविना पडून होता. २००० नंतर तो फुगा फुटला. जानेवारी २००२ मध्यें ग्लोबल क्रॉसिंग आणि त्याच वर्षीं जुलैंत वर्ल्डकॉम, अशा बलाढ्य कंपन्या दिवाळखोरींत गेल्या. अशा पडझडींत कोजंटनें पांच-सहा वर्षांत डझनाहून अधिक कंपन्या अथवा त्यांची मालमत्ता घेतली. त्यांत फ्रान्स, स्पेन आणि जर्मनी येथील जाळींहि होतीं. यांतील पीएसआयनेटची खरेदी विशेष सांगण्याजोगी आहे. वर ज्या अदलाबदलीच्या केंद्राचा उल्लेख केला त्याच्या संस्थापकांपैकीं ही एक. १९८९ पासूनची जुनी पेढी. भरभराटीच्या दिवसांत तिनें बाल्टिमोर शहरांतील एका क्रीडांगणाला आपलें नांव देण्यासाठीं वीस वर्षांचे मिळून दहा कोटी डॉलरांहून अधिक देण्याचें कबूल केलें होतें. २००१ सालीं तिचें दिवाळें निघालें, आणि एप्रिल २००२ मध्यें तिची अमेरिकेंतील मुख्य मालमत्ता कोजंटला मिळाली ती एक कोटी डॉलरांच्या आसपास. सौद्यांत तारा आणि गिऱ्हाइकें आलींच. पण त्यांबरोबर पीएसआयनेटचा जुना जाळें-क्रमांक १७४, सुमारें एक कोटी सदुसष्ट लाख पत्त्यांचा एक अखंड गठ्ठा, आणि साऱ्या इंटरनेटच्या नामावळीचें मूळ सांभाळणाऱ्या तेरा रूट सर्व्हरांपैकीं एक, हेंहि आलें. दिवाळें निघालेल्या वाड्याबरोबर गांवची वतनदारीहि पदरीं पडावी, तसा हा प्रकार झाला. त्या पत्त्यांचें मोल तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. पण जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची पुढें इतकी टंचाई झाली कीं, मे २०२४ मध्यें कोजंटनें आपल्याजवळील अशा पत्त्यांच्या तारणावर २० कोटी ६० लक्ष डॉलर उभे केले.

कोजंट स्वतः मात्र कर्जमुक्त होती असें नाहीं. सिस्को या यंत्रें बनविणाऱ्या कंपनीचें सुमारें २७ कोटी डॉलरांचें देणें तिच्या डोक्यावर होतें. २००३ सालीं दोन कोटी डॉलर रोख, थोडी रक्कम पुढील वायद्यानें आणि बाकीच्याबद्दल कांहीं समभाग देऊन तिनें त्याची तडजोड केली. येथून पुढें तिला हातपाय पसरण्यास मोकळीक मिळाली.

आतां भांडणांकडे वळूं. स्वस्त भावाला जीं गिऱ्हाइकें लागलीं तीं बहुतांशीं पाठविणारीं होतीं : मजकूर, चित्रें आणि पुढें चित्रपट सांठवून मागेल त्याला पाठविणारीं संकेतस्थळें. घरीं बसून वाचणारे व पाहणारे लोक बहुधा दुसऱ्या कंपन्यांचे गिऱ्हाईक होते. सबब कोजंटकडून डाक निघे पुष्कळ, आणि तिच्याकडे येई थोडी. त्यांत इंटरनेटवर एक जुनी वहिवाट आहे : परक्या जाळ्याची डाक जवळच्या पहिल्याच नाक्यावर त्याच्या हवालीं करून मोकळें व्हावयाचें. समजा, न्यूयॉर्कमधील कोजंटच्या गिऱ्हाइकानें सॅन फ्रान्सिस्कोमधील वाचकाला कांहीं पाठविलें. कोजंट तें न्यूयॉर्कमध्येंच दुसऱ्या कंपनीच्या हातीं देते, आणि सारी अमेरिका ओलांडण्याचें ओझें त्या दुसऱ्या कंपनीवर पडतें. उलट दिशेनें येणाऱ्या डाकेचें ओझें कोजंटवर पडतें, हें खरें; परंतु मागणीचें पत्र दोन ओळींचें आणि उत्तर गाडाभर, अशी स्थिति असेल तर दोघांचें ओझें सारखें म्हणतां येत नाहीं. प्रतिस्पर्ध्यांचें म्हणणें थोडक्यांत हें होतें कीं, जो बरोबरीचें ओझें उचलीत नाहीं तो तोलामोलाचा नव्हे. त्यानें गिऱ्हाईक म्हणून पैसे भरावे.

कोजंटचें उत्तरहि कांहीं पोकळ नव्हतें. तिचें म्हणणें असें कीं, आमचा गिऱ्हाईक तुमच्या माणसाला न मागतां कांहींच पाठवीत नाहीं. मागतो तो तुमचाच माणूस, आणि त्या सोयीबद्दल तो तुम्हांला दरमहा पैसे देतो. मग त्यानें मागितलेली वस्तु त्याच्या दारीं नेण्याचे पैसे दुसऱ्यांदा आमच्याकडून कां? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें, आणि निवाडा करणारा कोणी नव्हता. अशा वेळीं उरतें तें एकच शस्त्र : जोडणी तोडणें.

तें प्रथम उगारलें गेलें डिसेंबर २००२ मध्यें. लक्षावधि अमेरिकन कुटुंबांना इंटरनेट पुरविणाऱ्या एओएल कंपनीच्या जाळ्यानें कोजंटशीं असलेली फुकट देवघेव बंद केली. डाक तिसऱ्याच्या वाटेनें वळसा घेऊं लागली, आणि त्या अरुंद वाटेवर गर्दी होऊन गिऱ्हाइकांचा खोळंबा झाला. २००५ च्या फेब्रुवारींत टेलिग्लोब या कॅनडांतील कंपनीशीं, आणि एप्रिलमध्यें फ्रान्स टेलिकॉमशीं असेच तंटे झाले. पण जगाचें लक्ष ज्याकडे वेधलें तो तंटा त्याच वर्षीं ५ ऑक्टोबर रोजीं झाला. त्या दिवशीं लेव्हल थ्री या बड्या कंपनीनें, आधीं सूचना देऊन, कोजंटशीं असलेल्या साऱ्या जोडण्या तोडल्या.

येथें एक शंका सहज येईल. इंटरनेटची कीर्ति अशी कीं, एक वाट बंद झाली तर संदेश आपोआप दुसऱ्या वाटेनें जातो. मग येथें तसें कां झालें नाहीं? कारण असें कीं, वाट नुसती तारेनें होत नाहीं, ती परवानगीनें होते. बरोबरीच्या नात्यानें जोडलेलें तिसरें जाळें फक्त आपल्या गिऱ्हाइकांची डाक घेतें. दोन परक्यांमधील डाक तें फुकट वाहून नेत नाहीं. ती त्यानें वाहावी असें वाटत असेल तर दोघांपैकीं एकानें त्याचें गिऱ्हाईक झालें पाहिजे, पैसे मोजले पाहिजेत. आणि भांडण तर त्याकरितांच होतें. जो आधीं तिसऱ्याचें गिऱ्हाईक होईल, त्यानें आपण पहिल्या श्रेणींतले नाहीं हें आपल्याच हातानें लिहून दिल्यासारखें झालें असतें. त्यामुळें तारा शाबूत, यंत्रें शाबूत, आणि मध्यें मानाची भिंत, अशी ही स्थिति झाली. ज्यांची जोडणी केवळ लेव्हल थ्रीशीं होती त्यांना केवळ कोजंटवर असलेलीं ठिकाणें दिसेनातशीं झालीं. ज्यांनीं दोन कंपन्यांकडून सोय करून घेतली होती त्यांना कांहींच जाणवलें नाहीं. पैसे चोख भरणाऱ्या आणि भांडणाशीं संबंध नसलेल्या लोकांवरच सारा भार पडला.

कोजंटनें लगेच जाहीर केलें कीं, केवळ लेव्हल थ्रीवर अवलंबून असलेल्या गिऱ्हाइकांना आपण एक वर्ष फुकट जोडणी देऊं. लेव्हल थ्रीनेंहि दोन दिवसांनीं माघार घेऊन जोडण्या पूर्ववत् केल्या, पण ९ नोव्हेंबरपर्यंतच, अशी मुदत घातली. मुदत संपण्यापूर्वींच, २८ ऑक्टोबरला, दोघांत समेट झाला. देवघेव फुकटच राहावी. मात्र डाकेचें प्रमाण व स्वरूप याबद्दलच्या कांहीं अटी मोडल्यास पैसे भरावे, असें ठरलें. दोघांनाहि आपण जिंकलों असें म्हणतां येईल अशी ही तडजोड होती.

मार्च २००८ मध्यें कोजंट आणि टेलियासोनेरा ही स्वीडन व फिनलंडमधील कंपनी यांच्यांतील जोडणी तुटली, आणि या वेळीं तोडणारी कोजंट होती. जोडणीच्या ठिकाणांविषयीं व क्षमतेविषयीं ठरलेलें दुसऱ्या पक्षानें पाळलें नाहीं, असें तिचें म्हणणें होतें. हा तंटा सुमारें दोन आठवडे चालला. त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरला स्प्रिंट कंपनीनें कोजंटला तोडलें. स्प्रिंट म्हणाली, आम्हीं कोजंटला परीक्षेपुरती फुकट जोडणी दिली होती, आणि ती परीक्षेंत उतरली नाहीं. कोजंट म्हणाली, करार तसा नव्हताच. प्रकरण व्हर्जिनिया राज्यांतील न्यायालयांत गेलें. पण गिऱ्हाइकांची ओरड इतकी झाली कीं, स्प्रिंटनें तीन दिवसांतच जोडण्या तात्पुरत्या सुरू केल्या, आणि वर्ष संपण्यापूर्वीं समेट झाला. तोडणारा तीन दिवसांत नमतो याचा अर्थ असा कीं, तोडण्याची जखम दोघांनाहि सारखीच होते. आणि या अर्थानें, तोलामोलाचा कोण हें तुटल्यानंतरच कळतें.

पुढील तंट्यांत थोडा विनोदहि आहे. जुन्या पत्त्यांची टंचाई जाणवूं लागल्यावर इंटरनेटसाठीं नवी, विस्तृत पत्तेपद्धति आली. तिला आयपी-सहा म्हणतात. या नव्या पद्धतींत कॅलिफोर्नियांतील हरिकेन इलेक्ट्रिक ही कंपनी फार पुढें होती. तिनें कोजंटकडे बरोबरीची जोडणी मागितली; कोजंटनें दाद दिली नाहीं. तेव्हां ऑक्टोबर २००९ मध्यें मिशिगन राज्यांतील डिअरबॉर्न येथें जाळें चालविणाऱ्या अभियंत्यांची परिषद भरली असतां, हरिकेननें तेथें एक मोठा केक आणून ठेवला. त्यावर साखरेच्या अक्षरांत, आमच्याशीं आयपी-सहाची जोडणी करा, अशी कोजंटला प्रेमळ विनंती लिहिली होती. केक उपस्थितांनीं खाल्ला. जोडणी मात्र झाली नाहीं. पंधरा वर्षांनंतर, २०२४ सालींहि, नव्या पद्धतीच्या पत्त्यांवरील या दोन मोठ्या जाळ्यांमध्यें थेट रस्ता नव्हता. जी कंपनी स्वतःला पंक्तीला घ्यावें म्हणून भांडली, ती पंक्तींत बसल्यावर दारांत उभ्या असलेल्या दुसऱ्याशीं कशी वागते, हेंहि इतिहासांत नोंदविलें पाहिजे.

दरम्यान फ्रान्समध्यें हा वाद सरकारी पीठापुढें गेला. कोजंटनें फ्रान्स टेलिकॉमविरुद्ध तक्रार केली, आणि सप्टेंबर २०१२ मध्यें फ्रान्सच्या स्पर्धा-नियामक संस्थेनें निर्णय दिला कीं, फ्रान्स टेलिकॉमचें धोरण अडीचास एक या प्रमाणापर्यंतच डाक फुकट घेण्याचें आहे. वाहतूक त्या प्रमाणाबाहेर गेली असतां वाढीव जोडणीसाठीं पैसे मागणें हा गुन्हा नव्हे. १९६९ सालच्या टोकिओ येथील टपालवाल्यांना हा निर्णय पटला असता. अमेरिकेंत निराळेंच वळण लागलें. घरोघर चित्रपट पुरविणाऱ्या नेटफ्लिक्सची डाक कोजंटच्या जाळ्यांतून मोठ्या प्रमाणावर जाऊं लागली, आणि २०१३ मध्यें घरगुती गिऱ्हाइकांच्या कंपन्यांशीं असलेले नाके तुंबले. या वेळीं कोणीं तोडलें नाहीं. केवळ नाका रुंद करण्याचें टाळलें. कोजंटनें याविरुद्ध मोठी ओरड केली, परंतु त्याच काळांत तिनें स्वतः गर्दीच्या वेळीं आपल्या किरकोळ गिऱ्हाइकांची डाक पुढें आणि घाऊक गिऱ्हाइकांची मागें, असें वर्गीकरण गाजावाजा न करतां चालविलें होतें. तें २०१४ अखेर उघड झालें. नेटफ्लिक्सनें फेब्रुवारी २०१४ मध्यें कॉमकास्ट कंपनीला पैसे देऊन थेट जोडणी घेतली. अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें २०१५ सालीं अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार घेतला, २०१७ सालीं सोडला, २०२४ सालीं पुन्हां घेतला, आणि २ जानेवारी २०२५ रोजीं तेथील अपील न्यायालयानें तो नियम रद्द केला. म्हणजे दहा वर्षांच्या येरझारेनंतर निवाड्याची जागा पुन्हां रिकामीच राहिली.

मार्च २०२२ मध्यें, रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यानंतर, कोजंटनें आपल्या रशियन गिऱ्हाइकांचा पुरवठा बंद केला. हें बरोबरीचें भांडण नव्हतें. तरी जगाच्या वाहतुकीचा एवढा भाग ज्या कंपनीच्या हातीं आहे, तिच्या एका निर्णयाचें वजन किती असतें, तें तेथें दिसलें.

आतां या कथेंतील बाकीच्या मंडळींचें काय झालें तें पाहूं. पीएसआयनेट कोजंटच्या पोटांत गेली हें वर सांगितलेंच. लेव्हल थ्री २०१७ सालीं सेंचुरीलिंक या कंपनीनें घेतली, आणि ती कंपनीहि आतां निराळ्या नांवानें चालते. स्प्रिंटची गोष्ट सर्वांत नवलाची आहे. सदर्न पॅसिफिक या रेल्वेच्या दळणवळण-खात्यांतून वाढलेली, लोहमार्गांच्या कडेनें फायबर पसरून नांवारूपाला आलेली ही कंपनी २०२० सालीं टी-मोबाइलमध्यें विलीन झाली. टी-मोबाइलला मोबाइल फोनचा धंदा हवा होता; जमिनीखालील तारांचा धंदा तोट्यांत होता. तो तिनें १ मे २०२३ रोजीं कोजंटला विकला. किंमत एक डॉलर. शिवाय, तो धंदा पत्करल्याबद्दल, टी-मोबाइलनें साडेचार वर्षांत ७० कोटी डॉलर कोजंटला द्यावयाचे, असा करार झाला. ज्या स्प्रिंटनें २००८ सालीं कोजंट आपल्या परीक्षेंत उतरत नाहीं म्हणून तिला दाराबाहेर केलें, त्या स्प्रिंटचें जाळें पंधरा वर्षांनीं त्याच कोजंटच्या मालकीचें झालें.

टेलिग्लोबचा धागा तर मुंबईला येऊन मिळतो. पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथें १९२७ सालीं इंग्लंडशीं बिनतारी दळणवळणाचीं केंद्रें सुरू झालीं. तो कारभार १९४७ सालीं सरकारनें आपल्या हातीं घेतला, आणि १९८६ सालीं त्यांतून विदेश संचार निगम निर्माण झाला. याच निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें. २००२ सालीं तो टाटा समूहाकडे आला. २००६ सालीं त्यानें टेलिग्लोब विकत घेतली, आणि २००८ पासून त्याचें नांव टाटा कम्युनिकेशन्स झालें. टेलिग्लोबचा जाळें-क्रमांक ६४५३ आज या मुंबईच्या कंपनीचा क्रमांक आहे. मे २०२४ मध्यें कोजंटनें टाटा कम्युनिकेशन्सशीं असलेल्या थेट जोडण्या तोडण्यास सुरुवात केली. कोजंटची तक्रार अशी होती कीं, टाटा आपल्याशीं अमेरिकेंत व युरोपांत जोडणी ठेवते, परंतु आशियांत पुरेशी जोडणी देत नाहीं. आशियांतल्या आशियांत जावयाच्या डाकेलाहि मग समुद्र ओलांडून वळसा घ्यावा लागतो. २००५ सालीं ज्या दोन क्रमांकांत तंटा झाला होता, त्याच दोन क्रमांकांत तो पुन्हां झाला. फक्त मधल्या काळांत एकाचा धनी बदलला होता, आणि दुसऱ्याचा दर्जा.

या साऱ्यावरून एक गोष्ट मला मुख्य वाटते. बरोबरी हा जाळ्याचा अंगचा गुण नाहीं. तारा किती, गिऱ्हाइकें किती, डाक किती, यांचीं मापें लावून ती सिद्ध करतां येईल असें दोन्ही पक्ष म्हणत आले. पण प्रत्यक्षांत प्रत्येक तंटा मिटला तो मापानें नव्हे, तर तुटण्याचा त्रास कोण किती दिवस सोसूं शकतो यावर. मापहि कांहीं ईश्वरदत्त नसतें. भारतांत २००३ सालीं राष्ट्रीय इंटरनेट अदलाबदल-केंद्र निघालें, तेव्हां तेथें उलटा नियम होता : जो अधिक मागवितो त्यानें भरावें. म्हणजे ज्या प्रश्नाला टोकिओनें आणि पॅरिसनें एक उत्तर दिलें, त्याला आपल्याकडे नेमकें विरुद्ध उत्तर दिलें गेलें, आणि कारभार त्यावरहि चालला. पुढें तो हिशेबहि सोडून देण्यांत आला. तेव्हां खर्च कोणाचा याला न्यायाचें एकच उत्तर आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

परंतु भांडणाचा भार कोणावर पडावा, याला मात्र उत्तर असलें पाहिजे. कोजंटच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, तिच्या हट्टामुळें घाऊक इंटरनेट स्वस्त होण्यास मोठी मदत झाली, आणि त्याचा लाभ ज्यांनीं तिचें नांवहि ऐकलें नाहीं त्यांनाहि मिळाला. तिच्या विरुद्ध बाजूनें एवढें, कीं दर खेपेला तिनें आणि तिच्या प्रतिपक्षानें आपल्या गिऱ्हाइकांना ढालीसारखें पुढें केलें. टपालखात्याला दुसऱ्या देशाचा राग आला म्हणून त्या देशाचीं पत्रें पेटींत पडून राहिलीं, असें शांततेच्या काळांत आपण सहन करणार नाहीं. आज रुग्णालयें, बँका, न्यायालयें, शाळा या तारांवर चालतात. त्यांनीं दोन स्वतंत्र कंपन्यांकडून जोडणी ठेवावी, हा या इतिहासाचा व्यावहारिक धडा आहे, आणि ज्यांनीं तो पाळला त्यांना २००५ मध्यें किंवा २००८ मध्यें कांहीं सोसावें लागलें नाहीं. ज्या घराला दोन जोडण्या परवडत नाहींत, त्याच्या वतीनें मात्र कोणी तरी एवढें तरी मागावयास हवें कीं, तंटा कितीहि चालो, पैशाचा निकाल लागेपर्यंत वाट उघडी राहिली पाहिजे. पाटाच्या पाण्यावरून दोन शेतकऱ्यांचा दावा लागला तरी निकाल होईपर्यंत पीक वाळूं देत नाहींत. तेवढी समज या नव्या पाटावर अजून यावयाची आहे.